वाद्यांचं सर्फ संगीत: नव्या कानाने सुरुवात कुठून करावी?

तीव्र_मध्यम (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात भाच्याच्या गिटार क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. चौदा-पंधरा वर्षांची चार मुलं स्टेजवर आली. माइकपाशी कुणीच गेलं नाही. एकाने गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर बोट ठेवलं आणि तो आवाज घसरत, गडगडत खाली आला. पुढची दोन-अडीच मिनिटं मी खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. नंतर भाच्याने सांगितलं, ही 'पाइपलाइन'. शँटेज नावाच्या बँडची, १९६३ ची. या प्रकाराला सर्फ म्हणतात, साठच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सुरू झालेलं गिटारचं वाद्यसंगीत.

तेव्हापासून रोज रात्री जेवणं उरकली की तासभर हेच ऐकतेय. पण आता गोंधळ झालाय. अ‍ॅपवर 'सर्फ' लिहिलं की शंभर-दीडशे तुकडे एका रांगेत येतात आणि त्यांवर चिठ्ठ्या असतात: सर्फ, हॉट रॉड, स्पाय सर्फ, स्पेस सर्फ, हॉरर सर्फ, सर्फ पंक, एलेकी, रौतालांका. काही एकमेकांची सख्खी भावंडं वाटतात, काहींचं नातंच लागत नाही. मी बारा वर्षं शास्त्रीय गाणं शिकले आहे, पेटी वाजवते, गिटार हातात धरलेली नाही. मला प्रत्येक चिठ्ठीची व्याख्या नकोय. ऐकताना कशाकडे कान लावायचा ते हवंय. आपल्याकडे घराणी जशी कानाने ओळखता येतात तसं इथे काही आहे का?

वाचनमात्र | शनिवार, रात्री ११.०५

विषय नवीन आहे. वाचनखूण साठवली. वाचतोय.

स्प्रिंगची_पेटी | रविवार, सकाळी ७.२०

तीव्र_मध्यम ताई, प्रश्न फार मनापासून आवडला, म्हणून सविस्तर लिहितो. मी पुण्यात जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो आणि वीस वर्षं हेच संगीत वाजवतो.

घराण्यांची उपमा बरोबर आहे. घराणं ओळखताना आपण आधी आवाजाचा लगाव बघतो, रागाचं नाव नंतर. इथेही तसंच करा. आधी आवाज किती 'ओला' आहे ते ऐका.

ओला म्हणजे काय? १९६१ मध्ये फेंडर कंपनीने एक वेगळी रिव्हर्बची, म्हणजे घुमारा देणारी, पेटी बाजारात आणली. आत लोखंडी स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. गिटारचा सिग्नल स्प्रिंगांच्या एका टोकाला शिरतो, त्यांना पिळतो, ती थरथर दुसऱ्या टोकाला जाऊन परत येते, पुन्हा जाते. कल्पना हॅमंड ऑर्गनमधली, तिथे ती देवळात किंवा चर्चमध्ये वाजवल्यासारखा घुमारा देण्यासाठी होती. पण स्प्रिंगमधून सगळे सूर एकाच वेगाने जात नाहीत, काही पुढे पळतात, काही मागे रेंगाळतात. त्यामुळे तारेवर जोरात आणि तळहाताने दाबून आघात केला की घुमाऱ्याच्या आधी एक 'टुपुक्' असा आवाज येतो, हंड्यात थेंब पडावा तसा. वाजवणारे त्याला 'ड्रिप' म्हणतात. पेटीवर तीन खुंट्या: ड्वेल, मिक्सर, टोन. ड्वेल वाढवला की सिग्नल स्प्रिंगांना जास्त जोरात धडकतो. आणि ही पेटी अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी लावतात. पुढे १९६३ पासून फेंडरने अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच रिव्हर्ब द्यायला सुरुवात केली, पण तो सिग्नलच्या वाटेत नंतर येतो म्हणून इतका उसळत नाही. आजही सर्फ वाजवणारा माणूस वेगळ्या पेटीसाठी पैसे साठवतो ते यामुळे.

आता कानासाठी पहिला अभ्यास. बेल-एअर्स बँडचं 'मिस्टर मोटो' ऐका, १९६१ चं. कोरडं आहे. दोन गिटारी एकमेकींशी बोलतायत, प्रत्येक सूर स्वच्छ, तुटक. मग अ‍ॅस्ट्रोनॉट्सचं 'बाहा' ऐका, १९६३ चं. गिटार अक्षरशः पाण्यातून येते. या दोघांमध्ये दोनच वर्षांचं अंतर आहे. त्या दोन वर्षांत काय घडलं ते एकदा कानाने कळलं की अर्ध्या चिठ्ठ्या आपोआप लागतील.

बेल-एअर्समध्ये याच गोष्टीवरून फूट पडली. पॉल जॉन्सनला दोन गिटारींची ती कोरडी गुंफण प्रिय होती. एडी बर्ट्रांडला फेंडरचा ओला, जड आवाज हवा होता. बर्ट्रांड बाहेर पडला आणि त्याने एडी अँड द शोमेन काढला. दोन्ही बँड पाठोपाठ ऐका. मला दोघंही बरोबर वाटतात.

गिरगावकर_जुना | रविवार, सकाळी ९.१५

स्प्रिंगची_पेटी, उत्तम प्रतिसाद. डिक डेलबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्प्रिंगची_पेटी | रविवार, सकाळी ११.३०

काका, लिहितोच.

डिक डेलचं मूळ नाव रिचर्ड मन्सूर. जन्म १९३७, बॉस्टनचा. वडील लेबनॉनकडचे. १९५४ मध्ये कुटुंब दक्षिण कॅलिफोर्नियात आलं. हा माणूस डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून वाजवायचा, म्हणजे जाड तारा खाली, बारीक वर. ताराही नेहमीपेक्षा कितीतरी जाड. १९६१ मध्ये बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये त्याचे कार्यक्रम सुरू झाले आणि लाटांवर फळी घेऊन जाणारी पोरं तिथे लोटली. त्याच वर्षीचं 'लेट्स गो ट्रिपिन' हे बहुतेक जण पहिलं सर्फ वाद्यसंगीत मानतात. गंमत अशी की तेही कोरडं आहे! सर्फचा 'राजा' म्हणवणाऱ्या माणसाची सुरुवातीची ध्वनिमुद्रणं रिव्हर्बशिवायची आहेत, हे नव्या ऐकणाऱ्यांना सहसा माहीत नसतं.

त्याचं खरं देणं उजव्या-डाव्या हाताच्या वेगात आहे. एकाच तारेवर वर-खाली, वर-खाली, अखंड. याला डबल पिकिंग म्हणतात. त्याच्या घरात ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजायचं, तो स्वतः लहानपणी दरबुकासारखं तालवाद्य वाजवायचा. तो ताल त्याने तारेवर आणला. बरं, आवाज इतका मोठा हवा होता की फेंडर कंपनीच्या लिओ फेंडरने दिलेले अ‍ॅम्प्लिफायर एकामागून एक जळत गेले. शेवटी फेंडरने १०० वॉटचा शोमन बनवला, त्यात जेबीएलचा १५ इंची स्पीकर. म्हणजे या संगीताने यंत्रं वापरली एवढंच नाही, यंत्रं घडवून घेतली.

ताई, तुम्ही गाणाऱ्या आहात म्हणून तुमच्यासाठी एक खास गोष्ट. डेलची 'मिसर्लू', १९६२ ची. मूळ धून पूर्व भूमध्य समुद्राकडची, ग्रीक वादकांनी १९२० च्या दशकातच ध्वनिमुद्रित केलेली. ती तुमच्या पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बसवून बघा आणि कुठले स्वर लागतात ते इथे लिहा. मी मुद्दाम सांगत नाही.

रात्रीची_पाळी | रविवार, दुपारी २.१०

मला दुसऱ्या टोकाकडून लिहायचंय. नव्या माणसाला १९६१ पासून सुरुवात करायला लावू नका, असं माझं प्रामाणिक मत आहे. मी सर्फमध्ये आलो ते १९९४ च्या 'पल्प फिक्शन' सिनेमाच्या शीर्षकांवरून, तिथे डेलची 'मिसर्लू' वाजते, जगातले लाखो लोक तसेच आले. तिथून पुढे मी नव्वदच्या दशकातले बँड ऐकत गेलो आणि साठच्या दशकात सगळ्यात शेवटी पोचलो. उलट्या वाटेने आलो म्हणून काही बिघडलं नाही.

चिठ्ठ्यांचं म्हणाल तर:

स्पेस सर्फचं मूळ धरायचं तर लंडनमधलं 'टेलस्टार'. टोर्नॅडोज बँड, १९६२, निर्माता जो मीक. जुलै १९६२ मध्ये टेलस्टार उपग्रह सोडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ही धून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. मीकने ती स्वतःच्या राहत्या जागेतल्या स्टुडिओत बनवली. मुख्य सूर गिटारचा नाही, क्लॅव्हियोलिन नावाच्या कीबोर्डचा आहे. पुढे नव्वदच्या दशकात अलाबामातल्या ऑबर्नचा मॅन ऑर अ‍ॅस्ट्रो-मॅन? हा बँड आला (प्रश्नचिन्ह नावातलंच आहे). जुन्या विज्ञानपटांतले संवाद, यंत्रांच्या शिट्ट्या आणि त्यांच्यामधून सुसाट गिटार.

हॉरर सर्फसाठी सेंट पीटर्सबर्गचे मेसर चुप्स. थेरेमिन ऐका. या वाद्याला हात न लावता, हवेत हात हलवून सूर काढतात. रात्री कामावरून परत येताना, रस्ता रिकामा असताना, मी हेच लावतो.

सर्फ पंकसाठी एजंट ऑरेंज. कॅलिफोर्नियाचेच, ऐंशीच्या सुरुवातीचे. गाणी पंकची, पण 'मिसर्लू' आणि 'पाइपलाइन'ही त्यांनी वाजवल्यात. डेलचा वेग आणि पंकचा वेग मुळात एकच आहे हे तिथे कळतं.

आणि मर्मेन. सॅन फ्रान्सिस्को. १९९५ चा 'अ ग्लोरियस लीथल युफोरिया' हा अल्बम. यात लाट फुटत नाही, उचलत राहते. लांबच लांब तुकडे, संथ, सायकेडेलिक. माझ्यासाठी या सगळ्या संगीतातलं सर्वात खोल काम हे आहे.

स्प्रिंगची_पेटी | रविवार, दुपारी ४.००

मर्मेन मलाही आवडतात, पण त्यांना सर्फ म्हणायचं का यावर मतभेद आहेत आणि माझं मत 'नाही'कडे झुकतं. ड्रमचा ठेका ऐका. सर्फचा पायाभूत ठेका असा: धूम, टक-टक, धूम, टक. दुसऱ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचे दोन आघात, चौथीवर एक. हा ठेका पायात चालू असतो म्हणून वर गिटार कितीही भरकटली तरी माणसं नाचू शकतात. मर्मेनमध्ये तो बहुतेक वेळा विरघळून जातो.

रात्रीची_पाळी | रविवार, दुपारी ४.२५

ठेक्याची अट लावली तर 'टेलस्टार'ही बाहेर जाईल आणि निम्मे स्पाय सर्फचे तुकडेही. मग उरेल काय? मर्मेनमध्ये समुद्र आहे. साठच्या दशकातल्या, सर्फच्या पहिल्या लाटेतल्या कित्येक पार्टी-तुकड्यांत नाही.

स्प्रिंगची_पेटी | रविवार, दुपारी ४.५०

'टेलस्टार' बाहेरच आहे माझ्या मते, शेजारी म्हणून प्रिय आहे. समुद्राबद्दलचं मान्य. मर्मेन पुन्हा ऐकतो, या आठवड्यात, अंधारात बसून.

गिरगावकर_जुना | रविवार, सायंकाळी ६.३०

मी सत्तरीचा आहे. थोडं मागचं सांगतो, कारण सर्फ आकाशातून पडलं नाही.

१९५८ साली दोन गोष्टी झाल्या. लिंक रे याचं 'रंबल' आलं. शब्द एकही नाही, तरी काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला, कारण मुलं मारामाऱ्या करतील अशी भीती. नुसत्या गिटारच्या आवाजाला घाबरण्याची ही मला माहीत असलेली पहिली वेळ. आणि ड्युएन एडीचं 'रेबेल राउझर' आलं. एडी सुरावट जाड तारांवर वाजवायचा, तो खणखणीत खर्ज. त्याचा निर्माता ली हेझलवूड. अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सच्या स्टुडिओत घुमाऱ्यासाठी खोली नव्हती, तर त्याने पाण्याची मोठी लोखंडी टाकी आणून ठेवली, एका बाजूला स्पीकर, दुसऱ्या बाजूला माइक. वर ज्या 'बाहा'चा उल्लेख आला, ती रचना याच हेझलवूडची. वाळवंटातल्या टाकीपासून ओल्या सर्फपर्यंत एकाच माणसाचा कान.

आणि 'बाहा' वाजवणारे अ‍ॅस्ट्रोनॉट्स कुठले? कोलोरॅडोतल्या बोल्डरचे. समुद्रापासून हजारेक मैल लांब, पर्वतांच्या पायथ्याशी. 'सर्फिन बर्ड'वाले ट्रॅशमेन मिनीॲपोलिसचे, तेही तसेच आत. त्यामुळे सर्फ म्हणजे किनाऱ्यावरच्या पोरांचं संगीत असं कुणी सांगितलं तर ते सुरुवातीपुरतंच खरं.

आता आपल्याकडचं. माझ्या लहानपणी घरात व्हॅन शिपलीच्या रेकॉर्डी होत्या, हिंदी सिनेमाची गाणी इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर. मांडीवर गिटार, तारेवर सरकणारा लोखंडी दांडा. शब्दांशिवाय सुरावट ऐकायची सवय आमच्या पिढीला त्या रेकॉर्डींनी लावली. हवाईयन वादक ताऊ मो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहिला होता आणि आपल्याकडच्या गिटारवर त्याचा ठसा आहे. फळीवर उभं राहून लाटेवर जाणंही हवाईचंच. एक गोष्ट कॅलिफोर्नियाला गेली, एक आपल्याकडे आली. सर्फ गिटार आणि आपली हवाईयन गिटार यांचं थेट नातं नाही, पण दोघींच्या माहेरच्या बाजूला तीच बेटं दिसतात.

१९६५ चा 'गुमनाम' आठवा. शंकर-जयकिशन, रफीसाहेबांचं 'जान पहचान हो'. त्यातली ती अखंड पळणारी गिटार आता पुन्हा ऐका. २००१ मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन सिनेमाची सुरुवातच त्या गाण्याने झाली, आणि तिकडच्या सर्फप्रेमींना ते आपलंच वाटलं यात मला नवल वाटत नाही.

वाचनमात्र | रविवार, रात्री ८.१५

काका, दंडवत. 'जान पहचान हो' आत्ता लावलं. घरातले सगळे बाहेरच्या खोलीत गोळा झाले.

तांपेरेतून | रविवार, रात्री ११.४५

उशिरा पोचले, पण 'रौतालांका' शब्द बघून राहवलं नाही. मी गेली अकरा वर्षं फिनलंडमध्ये आहे.

रौतालांका म्हणजे लोखंडी तार. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथे पोराटोरांनी गिटारचे बँड काढले, त्या सगळ्या संगीताला हे नाव पडलं. पण यांचं मूळ डिक डेल नाही. यांचं मूळ ब्रिटनचे शॅडोज. १९६० ची 'अपाची' ऐका, हँक मार्विनची गिटार. इथे एक फरक कानाला फार उपयोगी आहे: शॅडोज स्प्रिंगची पेटी वापरत नाहीत, ते एको वापरतात. एकोमध्ये सूर स्पष्ट परत येतो, एकदा, दोनदा, दरीत हाक मारल्यासारखा. स्प्रिंगमध्ये तो मोजता येत नाही, शिंतोडे उडतात. स्प्रिंगची_पेटी यांनी ओलं-कोरडं सांगितलं, त्यात मी 'दरी' हा तिसरा लगाव घालते. युरोपातलं बहुतेक जुनं गिटार-वाद्यसंगीत दरीचं आहे. स्वीडनचे स्पॉटनिक्स घ्या, अंतराळवीरांचे पोशाख घालून वाजवायचे, पण आवाज शॅडोजच्या वाटेचा.

फिनलंडच्या मुलांनी त्या आवाजात स्वतःच्या सुरावटी घातल्या. इथलं लोकप्रिय संगीत उदास असतं, मायनरमध्ये, वॉल्ट्झ आणि टँगोच्या चालीवर. द साउंड्सची 'एम्मा' ऐका. जुनी फिनिश वॉल्ट्झ आहे. हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडतो तेव्हा ती ऐकली आणि मला आमच्या आजीच्या ओव्या आठवल्या, चाल वेगळी पण तोच एकसारखा, न रडता सांगितलेला जडपणा. याच बँडची 'मंचुरियन बीट' जुन्या रशियन वॉल्ट्झवरून घेतली आहे आणि ती जपानमध्येही लोकप्रिय झाली.

नंतरच्या काळातलं हवं असेल तर लायका अँड द कॉस्मोनॉट्स, १९८७ ते २००८. तिथे कॅलिफोर्निया आणि फिनलंड एकत्र येतात, ऑर्गनसकट.

आणि क्रोएशियातल्या सिसाक गावचे बांबी मोलेस्टर्स. २००१ चा 'सॉनिक बुलेट्स' ऐका. स्पाय आणि वेस्टर्न या दोन चिठ्ठ्या कळायला यांच्यापेक्षा चांगले शिक्षक नाहीत. १९६२ ची जेम्स बाँडची धून, त्यातली व्हिक फ्लिकची गिटार, हा स्पायचा मूळपुरुष: खालच्या तारा, क्रोमॅटिक (एकेका अर्ध्या सुराने) चढउतार, शेवटी तो अर्धवट सोडलेला कॉर्ड. वेस्टर्न म्हणजे इटालियन संगीतकार मोरिकोनेच्या सिनेसंगीताची छाया: मोकळी जागा, घोड्याची चाल, मध्येच ट्रम्पेट. बांबी मोलेस्टर्स एका तुकड्यात एकीकडून दुसरीकडे जातात आणि सांधा दिसत नाही.

तीव्र_मध्यम | सोमवार, रात्री १०.२०

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! दोन दिवस रोज तासाचे तीन तास झाले.

स्प्रिंगची_पेटी, 'मिसर्लू' पेटीवर बसवली. रे कोमल, ध कोमल, बाकी सगळे शुद्ध. म्हणजे भैरव! काळी एक सा धरला आणि पहिली ओळ वाजवली तेव्हा हातच थांबला. हे स्वर मी रोज सकाळी रियाजात लावते आणि हीच धून शनिवारपासून दहा वेळा ऐकली होती, तरी लक्षात आलं नव्हतं. का आलं नव्हतं त्यावर विचार केला. भैरवात कोमल ऋषभ आंदोलित असतो, तो झुलतो, तिथे थांबतो. डेल त्याच ऋषभावरून अंगठ्याने ढकलल्यासारखा निघून जातो. स्वर तेच, पण वागणूक परकी. राग भैरव नाहीच तो, थाट भैरव आहे. फार आनंद झाला.

एलेकीबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. आणि व्हेंचर्स सर्फ आहेत की नाहीत? सगळीकडे त्यांचं नाव दिसतंय.

स्प्रिंगची_पेटी | सोमवार, रात्री ११.१०

बरोबर ओळखलंत! आणि 'वागणूक परकी' हे मी वीस वर्षं वाजवून इतकं नेमकं सांगू शकलो नसतो. डेल सांगत असे की कुणीतरी त्याला आव्हान दिलं, एकाच तारेवर अख्खं गाणं वाजवशील का, आणि त्यातून ही 'मिसर्लू' झाली. एका तारेवर आडवं पळायचं तर थांबायला जागा कुठे?

व्हेंचर्सबद्दल. ते वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचे, बँड १९५८ चा, 'वॉक डोंट रन' १९६० चं, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलेलं. म्हणजे सर्फ हा शब्द रूढ व्हायच्या आधीचे. त्यांनी सर्फचे अल्बम केले, तसे इतर सगळ्या प्रकारांचेही केले. मी त्यांना सर्फचे आईवडील म्हणेन, सर्फ नाही. लाइव्हली वन्सचं प्रसिद्ध 'सर्फ रायडर' हे व्हेंचर्सच्या नोकी एडवर्ड्सची रचना आहे. दोन्ही रूपं ऐकून बघा, आईवडील आणि मूल यांतला फरक कळेल.

गिरगावकर_जुना | मंगळवार, सकाळी ८.००

एलेकी माझ्या आवडीचा प्रांत आहे.

व्हेंचर्स १९६२ मध्ये पहिल्यांदा जपानला गेले. १९६५ मध्ये पुन्हा गेले तेव्हा तिथे आग लागली. इलेक्ट्रिक गिटारला जपानी तोंडाने केलेला शब्द म्हणजे एलेकी. त्या वर्षी गिटारी इतक्या खपल्या आणि मुलं इतकी वेडी झाली की काही ठिकाणी शाळांनी बंदी घातली. अभिनेता-गायक युझो कायामाचा एलेकीवरचा सिनेमा त्याच वर्षीचा. 'पाइपलाइन'च्या सुरुवातीला ताईंनी जो घसरणारा आवाज ऐकला, त्याला जपानीत नाव आहे: टेके-टेके. तो शब्द मोठ्याने म्हणून बघा, हात कसा चालतो ते कळतं. आपल्याकडे तबल्याचे बोल असतात तसंच.

पण माझा खरा माणूस ताकेशी तेराउची, ब्लू जीन्स बँडचा. त्याने जपानी लोकगीतं घेतली, बेथोव्हनची पाचवी सिंफनी घेतली, आणि एलेकीवर वाजवली. लोकगीतांचा भाग ऐका. तारेवरचा त्याचा आघात शामिसेन या जपानी तंतुवाद्यासारखा आहे, कडक, लाकडावर आपटल्यासारखा. व्हेंचर्सची नक्कल करणारे शेकडो होते. याने घेतलेली वस्तू आपल्या घरच्या जोत्यावर बसवली. मला या संगीतातलं सर्वात मोठं काम तेच वाटतं.

असंच काम पेरूत झालं. लिमाचे लॉस डेस्टेलोस, पुकाल्पाचे हुआनेको इ सु कोम्बो. साठच्या दशकाच्या शेवटापासून सत्तरच्या दशकापर्यंत. खाली कुंबिया या लॅटिन अमेरिकी नाचाचा ताल, वर थेट सर्फकडून आलेली ओली गिटार, आणि सुरावट अँडीज किंवा अ‍ॅमेझॉनकडची. त्याला चिचा म्हणतात. थायलंडमध्ये तर प्रकाराचं नावच शॅडोजवरून पडलं, वाँग शॅडो.

रात्रीची_पाळी | मंगळवार, संध्याकाळी ७.४०

काका, तेराउची आज दिवसभर ऐकला. माझ्याकडे हा माणूस आतापर्यंत नव्हता. आभार.

अमेरिकेतल्या दुसऱ्या लाटेबद्दल दोन ओळी राहिल्यात. १९६४ मध्ये बीटल्स आले आणि सर्फ वर्षभरात मागे पडलं. रॉन्देव्हू बॉलरूम १९६६ मध्ये जळून गेलं. पुढे जवळजवळ पंधरा वर्षांनी जॉन ब्लेअरने जॉन अँड द नाइटरायडर्स काढला. हाच ब्लेअर, ज्याने त्याआधी सर्फच्या ध्वनिमुद्रिकांची सूची तयार केली होती. आधी यादी केली, मग वाजवायला उभा राहिला. तिसरी लाट नव्वदची: लॉस स्ट्रेटजॅकेट्स, मेक्सिकन कुस्तीगिरांचे मुखवटे घालून वाजवणारे. नव्या माणसाला लाइव्ह बघायला सगळ्यात सोपे तेच.

हॉट रॉडवर मी लिहीत नाही. लाटेच्या जागी मोटार आणि इंजिनाचे आवाज, बाकी माणसं बहुतेक तीच.

तांपेरेतून | मंगळवार, रात्री ९.३०

इटलीत लिव्होर्नोला उन्हाळ्यात सर्फर जो नावाचा महोत्सव भरतो, जगभरचे बँड येतात. मी दोन वर्षांपूर्वी गेले होते. एकाच संध्याकाळी ओलं, कोरडं आणि दरीचं, तिन्ही शेजारी शेजारी ऐकायला मिळतं. युरोपात कुणी असेल तर जरूर जा.

तीव्र_मध्यम | काही आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.००

धागा वर काढतेय. थोडा हिशेब द्यायचा होता.

अ‍ॅपवरच्या याद्या बंद केल्या. त्याऐवजी एक धून धरायची आणि ती वेगवेगळ्या लोकांकडून ऐकायची असं करत गेले. 'मिसर्लू' डेलची, मग एजंट ऑरेंजची, मग जुनी ग्रीक, मंद लयीतली, गाऊन केलेली. 'पाइपलाइन' शँटेजची, मग व्हेंचर्सची. आपण एकाच बंदिशीची चार घराण्यांतली रूपं ऐकतो तसं. चिठ्ठ्यांची गरज हळूहळू कमी झाली. आता पहिल्या दहा सेकंदांत ओलं, कोरडं की दरीचं ते कळतं, बहुतेक वेळा. सिडनीच्या अटलांटिक्सची 'बॉम्बोरा' ओळखताना चुकले, मला ती कॅलिफोर्नियाची वाटली. स्थलांतरितांच्या घरातली मुलं होती ती, १९६३ ची. सूर किती ताणून, तिखट लावतात!

मर्मेन मला आवडले, पण एका बैठकीत दोनपेक्षा जास्त तुकडे झेपत नाहीत. 'एम्मा' मात्र रोज ऐकते.

काल माझ्या गुरुजींना 'मिसर्लू' ऐकवली. वय ७८. काही न सांगता लावली. डोळे मिटून ऐकलं, दुसऱ्यांदा लावायला सांगितलं, आणि मग म्हणाले, "ऋषभाला श्वास दिला नाही याने. पण हात काय तयार आहे!" मग तंबोरा जुळवायला सांगितला आणि भैरवाची विलंबित बंदिश घेतली, संध्याकाळचे सहा वाजले असताना. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

स्प्रिंगची_पेटी, एक विचारायचं होतं. पेटीचा आवाज, म्हणजे हार्मोनियमचा, माइकवरून तुमच्या त्या स्प्रिंगांमधून सोडला तर चालेल का?

स्प्रिंगची_पेटी | रविवार, रात्री ९.२५

चालेल. ड्वेल अगदी कमी ठेवावा लागेल, कारण हार्मोनियमचा सूर सलग असतो, आघात नसतो, स्प्रिंगा सारख्या भरलेल्या राहतील आणि चिखल होईल. भात्याला छोटे झटके देऊन तुटक वाजवलंत तर कदाचित ड्रिपही निघेल. ताई, पुढच्या रविवारी पुण्यात या, पेटी घेऊन. माझ्याकडे माइक आहे. काका, तुम्हीही या, व्हॅन शिपलीच्या रेकॉर्डी घेऊन.

गिरगावकर_जुना | रविवार, रात्री ९.४०

सकाळच्या गाडीने निघतो.